गुरुवारचं पोसोले कसं खायचं?

मुळाकाठ:
नोकरीसाठी मेक्सिको सिटीत आलोय. ऑफिसमधला मित्र आकापुल्कोचा. त्याच्या आईने गुरुवारी पोसोले खायला घरी बोलावलंय. मक्याचं सूप असतं आणि सोबत वाट्यांमधून बरंच काही मांडतात, एवढंच समजलं. मी कोंबडी खातो, डुक्कर खात नाही. कोणी नीट सांगेल का?

चिलापाची सून:
आकापुल्कोच्या घरचं गुरुवारचं पोसोले म्हणजे नशीबच काढलंत! आकापुल्को गेरेरो राज्यातलं, आणि तिथे गुरुवार पोसोल्याचाच. माझ्या सासूबाई तिथल्याच, चिलापाच्या. गुरुवारी त्यांच्याकडे दुसरा बेत नसतो.

आधी मका. काकावासिंत्ले जातीचा, पांढरा, चांगला टपोरा. चुन्याच्या पाण्यात उकळून, चोळून साल काढायची, मग धू धू धुवायचा. त्यानंतर एकेका दाण्याचं टोक नखाने खुडायचं. सासूबाई दारात बसून, शेजारणीशी बोलत बोलत पातेलंभर दाणे खुडतात. टोक काढलेला दाणाच शिजताना पूर्ण उमलतो. डब्यातला तयार मकाही मिळतो, पण त्याला तो वास नाही. पोसोल्याची परीक्षा दाण्यावर करावी, मांसावर नाही, असं माझं ठाम मत.

मांस बहुतेकदा डुकराचं, आणि डोक्याचं हवंच, त्याने रस्सा दाट होतो. कोंबडी सांगितली तरी कधी कधी ती फक्त वरून घालतात, खालचा रस्सा डुकराचाच. त्यामुळे मित्राला आजच स्पष्ट सांगा. त्याच्या आईला राग येणार नाही, ऐनवेळी वाडगा तसाच ठेवलात तर मात्र वाईट वाटेल.

गेरेरोत पांढरं आणि हिरवं दोन्ही करतात. हिरव्यात भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, तोमातियो (टोमॅटोसारखं आंबट हिरवं फळ) आणि हिरवी मिरची वाटून घालतात. मला हिरवंच प्रिय.

वाडगा आला की पहिले दोन घोट नुसते घ्या. मग कांदा, मुळ्याच्या चकत्या, कोबी किंवा लेट्यूस, तिखटाची पूड, लिंबू. ओरेगानो तळहातावर चुरडून घाला. अ‍ॅव्होकाडो असेल, डब्यातली तारलीसुद्धा असेल, दचकू नका, छान लागते. चिचारोन डुकराच्या कातडीचं, ते तुम्ही वगळा. तोस्तादा, म्हणजे मक्याची कुरकुरीत पोळी, बुडवायची नाही, वर क्रीम लावून हातात धरून खायची. मोठी माणसं सोबत मेस्काल ही तिथली दारू घेतात. सगळं एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत बसा. तासभर तरी कोणी उठत नाही.

रंकाळा:
म्हणजे मिसळीसारखंच, शेवटचा हात खाणाऱ्याचा!

हालिस्कोकर:
आमच्या हालिस्को राज्यातल्या ग्वादालाहारात लाल पोसोले. ग्वाहियो जातीच्या सुक्या लाल मिरच्या भिजवून, वाटून, गाळून घालतात. दिसतं तितकं तिखट नसतं. 15 सप्टेंबरच्या रात्री, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी हेच शिजत असतं. शाकाहारी मंडळींसाठी मश्रूमचंही करतात, आमच्या घरी तेच होतं.

मुळाकाठ:
मित्राशी बोललो. आई म्हणाली, माझ्यासाठी कोंबडीचं वेगळं पातेलं लावते! आता हातात काय घेऊन जाऊ?

चिलापाची सून:
बघा, सांगितलंत ते बरं झालं. पिकलेले अ‍ॅव्होकाडो आणि तोस्तादांचा मोठा पुडा न्या. दोन्ही गोष्टी पोसोल्याच्या दिवशी कमीच पडतात. आणि दुपारी जेवू नका.