इंटरनेट पुस्तकात आलं, तासाला कधी येणार?

धागाकर्ती (इतिहास शिक्षिका):
बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘इंटरनेट माझा मित्र’ अशी चौकट असते. क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण-अॅपवर तयार व्हिडिओ मिळतो. पण शोधायचं कसं, सापडलेलं ताडून कसं पाहायचं, हे आपण कुठल्या तासाला शिकवतो? मुलं सायबर कॅफेतून प्रिंट आणून वहीत चिकटवतात आणि आम्ही गुण देतो.

सातवीला मी शिवजन्माची तारीख शोधायला सांगितली. काहींना १६२७ साल मिळालं, काहींना १९ फेब्रुवारी १६३०. मग जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार जुन्या टिपणातली, नोंद पाहिली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शकात ७८ मिळवले की १६२९ येतं. पण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून १६३०. त्या दिवशी तास संपल्यावरही मुलं जागची हलली नाहीत. असा तास अभ्यासक्रमातच हवा.

जि. प. शिक्षक:
ताई, धडा उत्तम, पण मुलांना पकडलं ते शकावलीनं. त्या पानाची झेरॉक्स वाटली असती तरी हेच झालं असतं. आम्ही दोघं मिळून चार वर्ग सांभाळतो. लाइट बिल थकलं की मीटर जातो. फोन माझा, रिचार्ज माझा. अभ्यासक्रमात आलं की तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढेल, आणि तो खोटा भरावा लागेल.

एक आई:
२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी लेकाच्या हाती फोन दिला, तो अजून परत आलेला नाही. स्वीडनसारखा देश २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे वळला. आपण उलट्या दिशेनं का जायचं?

धागाकर्ती:
सर, झेरॉक्सनं १६३० कळलं असतं. पण घरी फोनवर १६२७ दिसल्यावर काय करायचं, हे नसतं कळलं. आणि ताई, फोन मुलाच्या हाती द्या असं मी म्हणतच नाही. वर्गात एकच पडदा, शोध सगळ्यांनी मिळून. केरळनं २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ हा शाळांतल्या संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, तिथं शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला. आपल्याकडे चौकट आधी छापली.

जि. प. शिक्षक:
एकाच पडद्यावर असेल तर माझा विरोध निम्मा झाला. पण मागणी लिहाल तेव्हा वीजबिलाची तरतूद पहिल्या ओळीत घाला.