मदत हवी आहे: ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा. कोर्टात न जाता कसं मिटवावं?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या भावाने सोयीसाठी जमिनीची तोंडी अदलाबदल केली. कागद झालाच नाही. आज चुलत काकांच्या नावचा गट आम्ही कसतो आणि आमच्या नावचा ते. विहीर आम्ही खणली, मोटरीचं लाइटबिल वडिलांच्या नावावर येतं, सातबारा मात्र काकांचा. त्यामुळे ना ठिबकचं अनुदान मिळतं, ना त्या गटावर पीककर्ज.

तलाठी भाऊसाहेबांनी २०२३ साली आलेली सलोखा योजना सुचवली. असा उलटसुलट ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये. पंचनाम्याला शेजारचे खातेदार यायला तयार आहेत, काकाही राजी होते. पण त्यांचा थोरला मुलगा आडवा आलाय. आमच्या ताब्यातला गट आता डांबरी रस्त्याला लागतो, म्हणून वर पैसे द्या, नाहीतर दावा लावतो म्हणतो. थोडेफार पैसे द्यायची आमची तयारी आहे. त्याचा आकडा मात्र आवाक्याबाहेरचा आहे.

दाव्यात पडायचं नाही, हे वडिलांचं पक्कं आहे आणि मलाही ते पटतं. काकांच्या शेतातला हुरडा दरवर्षी आधी आमच्या घरी येतो. हे नातं तारखांपायी तुटू नये.

तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करावी, असा विचार आहे. तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. म्हणूनच गट नंबर, चतुःसीमा, विहिरीचं पाणी, बांधावरची वाट हे सगळं तडजोडीच्या मसुद्यात आधीच नीट यायला हवं. असा मसुदा कुणी केला असेल तर त्यात काय काय घातलं, ते कृपया सांगा.

सातबाऱ्यावर नाव एकट्या काकांचं आहे, पण जमीन वडिलोपार्जित. मग सलोख्याच्या दस्तावर मुलांच्या आणि मुलींच्याही सह्या घ्याव्या लागतील का? समितीची नोटीस जाऊनही थोरला आलाच नाही, तर पुढे काय? आणि लोकअदालतीत तडजोड झालीच, तर तेवढ्या निवाड्यावर फेरफार होतो, की दस्त वेगळा नोंदवावा लागतो? तसं असेल तर तेव्हाही सलोख्याची सवलत मिळते का?

यातून गेलेल्यांनी किंवा महसूल खात्यातल्या जाणकारांनी जरूर लिहावं. पेरणीच्या आत अर्ज द्यायचा आहे.