फेडरल कोर्टात फी माफी, तातडीने मदत हवी आहे

ऋतुजा: गरोदर असल्याचं सांगितलं आणि तीन आठवड्यांत नोकरी गेली. ईईओसीचं (अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय) राइट टू सू, म्हणजे कोर्टात केस टाकायची मुभा देणारं पत्र आलंय. वकील परवडत नाही, केस मीच टाकणार. फी ४०५ डॉलर, कुठून भरू? क्लार्ककडून माफीचा फॉर्म आणला, पण मंजुरीला किती दिवस लागतात ते कोणी सांगत नाही. मंजुरी आली की तक्रार दाखल करीन. कोणी केलंय का? लवकर सांगा.

आनंद_पी: पत्र कधी आलं? कंपनीत १५ तरी माणसं आहेत ना?

निखिल: ईईओसीकडे जायची गरजच नव्हती. सेक्शन १९८१ खाली थेट कोर्टात जाता येतं, मुदत चार वर्षं. मी तेच केलं.

सीमाताई: निखिल, ते वंशभेदासाठी. गरोदरपणाची केस टायटल सेव्हनची, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्याची; ती टाकायला पत्र मिळाल्यापासून ९० दिवस. उगाच चार वर्षांच्या भरवशावर ठेवू नका त्यांना.

निखिल: वंशावरून काही झालं नाही असं त्यांनी कुठे लिहिलंय?

देशपांडे_काका: एच-वन (नोकरीवर मिळणारा व्हिसा) असेल तर ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधा. माझ्या मुलाची फार धावपळ झाली होती.

ऋतुजा: काका, ग्रीन कार्ड आहे. कंपनीत चाळीसेक लोक आहेत. पत्र पोर्टलवर आलं, मी महिन्याभराने उघडलं. उघडल्याला ५२ दिवस झाले.

सीमाताई: अगं, ईमेल आली त्या दिवसापासून मोज! मंजुरीची वाट बघू नकोस. तक्रार, पत्राची प्रत आणि माफीचा अर्ज एकाच वेळी दे. माझ्या वेळी क्लार्कने दोन्हींवर एकाच तारखेचा शिक्का मारला होता. माफी मिळाली तर कंपनीला समन्सही मार्शलकडून (फेडरल अधिकारी) बजावून घेता येतं.

आनंद_पी: फॉर्ममध्ये नवऱ्याचा पगार लिहिलात?

ऋतुजा: तो कशाला? नोकरी माझी गेली.

आनंद_पी: एओ २३९ वर, म्हणजे माफीच्या फॉर्मवर, जोडीदाराच्या उत्पन्नाचा वेगळा रकाना आहे, गेल्या १२ महिन्यांची सरासरी. खाली शपथेवर सही असते. गरिबीचं कारण खोटं निघालं तर केसच काढून टाकतात.

किरण: कंटिंजन्सीवर, म्हणजे केस जिंकली तरच पैसे घेणारा वकील बघा, फीचा प्रश्नच मिटेल.

सीमाताई: इतक्या कमी दिवसांत कोण घेणार? कोर्टानेच वकील नेमावा असा अर्ज करता येतो, पण तो हक्क नाही.

ऋतुजा: ईमेल काढून पाहिली. आज ८४वा दिवस. नवऱ्याचा पगार लिहिला, उद्या सकाळी जाते. पत्राची साधी झेरॉक्स चालेल ना?