मदत हवी आहे: दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या आजीला बाळाचे श्वास मोजायला कसं शिकवू?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका गावात अकरा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. प्रश्न लहान मुलांच्या न्यूमोनियाचा आहे. इथे कुणी बालरोगतज्ज्ञ, नर्सताई किंवा जुन्या सुईणींबरोबर काम केलेले असतील तर त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

आधी काय घडलं ते सांगते. धान कापणीचे दिवस होते. संध्याकाळी एका घरी गेले. नऊ महिन्यांचं बाळ, दोन दिवसांपासून सर्दी-खोकला. बाळ आजीच्या मांडीवर, चुलीजवळ, अंगात स्वेटर, वरून शाल. आजी म्हणाली, "लेकराचं पोट उडते, बाई." मी घड्याळ लावून श्वास मोजले, पण स्वेटरवरूनच. 46 भरले. 2 महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला 50 ही हद्द, म्हणून "साधा खोकला आहे, दूध पाजत राहा" असं सांगून निघाले. पहाटे पाचला बोलावणं आलं. या वेळी झबलं वर केलं. श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा खपकन आत जात होती, मोजले तर 64. अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला, मोटरसायकलवर आई आणि बाळाला मध्ये बसवून रस्त्यापर्यंत नेलं आणि पुढे गाडीने रुग्णालयात. चार दिवस ऑक्सिजन लागला. बाळ आता छान रांगतंय.

पण ती संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. आजीला जे दिसलं होतं ते मला दिसलं नाही, कारण मी कपडा वर केला नाही आणि तिच्या शब्दाला मान दिला नाही. आमच्याकडे याला लहाक म्हणतात, डबा म्हणतात, पोट उडणं म्हणतात. हे शब्द ऐकले की आता मी हातातलं सगळं खाली ठेवते.

तेव्हापासून मी ठरवलंय की श्वास मोजणं माझ्या एकटीच्या हातात राहू नये. माझ्याकडे दोन पाडे आहेत, मधे नाला. पावसात तर दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही आणि न्यूमोनिया तेवढा वेळ थांबत नाही. फुप्फुसांत पाणी-पू भरला की फुप्फुसं कडक होतात, बाळाला खोल श्वास घेता येत नाही, मग ते उथळ आणि भराभर श्वास घेतं. थकलं की छाती आत ओढली जाते. त्यामुळे ताप किती यापेक्षा श्वास किती हे आधी बघायचं. अगदी तान्ह्या बाळाला तर ताप येतच नाही कधी कधी, उलट अंग गार पडतं.

हे आमच्याच जिल्ह्यात फार आधी करून दाखवलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1988 च्या सुमारास गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. 58 गावांत हे काम झालं, 44 गावं तुलनेसाठी होती. काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1, बाकीच्या गावांत 17.5. हे 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात सुईणीही होत्या. ज्यांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं: एका मिनिटाची वाळूची घडी, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया. किती सोपं आणि किती विचार करून केलेलं! तेव्हा औषध कोट्रायमोक्साझोल होतं, आता अमॉक्सिसिलिन आहे, पण मोजणं तेच.

माझी अडचण पुढची आहे. हद्द वयाप्रमाणे बदलते. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 महिने ते वर्षभर 50, एक ते पाच वर्षं 40. एकाच घरात महिन्याचं बाळ आणि दीड वर्षाचं मूल असतं. आजीला दोन-तीन माळा दिल्या तर नेमक्या वेळी चुकीची हातात येईल.

म्हणून मला असं सुचलंय. बाळ जन्मलं की त्याच्या नावाची एकच माळ, सहा मण्यांची. आजीने दर श्वासाला एक बोट मोजायचं, दहा बोटं झाली की एक मणी पुढे, जपमाळ ओढतात तशी. मिनिट भरायच्या आत सगळे मणी संपले तर मला निरोप. बाळ 2 महिन्यांचं झालं की मी एक मणी काढून घेईन, उरले पाच. वर्षाचं झालं की आणखी एक, उरले चार. आकडा कुणाला पाठ करायला नको. आईला मी सांगणार ते इतकंच: बाळ वाढलं की माळ कमी होते.

आता माझे प्रश्न.

हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का? मला सगळ्यात भीती मणी काढायचा राहून जाण्याची वाटते. तीन महिन्यांच्या बाळाच्या माळेत सहा मणी राहिले तर 55 श्वासांचं बाळ घरच्यांना ठीक वाटेल. आमची गृहभेट जन्मापासून 42 दिवसांपर्यंत ठरलेली असते, पुढची तिसऱ्या महिन्यात. म्हणजे 2 महिने पूर्ण होतात तेव्हा माझी फेरी नसते. 14 आठवड्यांच्या लसीपर्यंत थांबणं मला पटत नाही. मग 42 व्या दिवशीच काढू का? चुकलं तर जास्त बाळं तपासायला येतील, ते चालेल असं मला वाटतं.

दुसरं, मिनिट. मोबाईल असेल तिथे प्रश्न नाही, रेंज नसली तरी टायमर चालतो. नसेल तिथे वाळूची घडी हवी. मी एक मागवली, ती एकदा 52 सेकंदांत रिकामी झाली आणि एकदा 67. दमट हवेत वाळू अडकते. चांगली कुठे मिळते?

तिसरं, रडणारं बाळ. मी शांत होईपर्यंत थांबते, झोपलेलं असेल तर उठवत नाही, पूर्ण एक मिनिट मोजते. तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबून पुन्हा धावतो, म्हणून 60 च्या वर आले तर दुसऱ्यांदा मोजते. पण आजीने किती वेळ थांबावं? बाळ दूध धरत नसेल, झटके आले असतील, सुस्त पडलं असेल तर मोजत बसायचंच नाही, लगेच निघायचं, हे मी आधी शिकवते आहे.

अजून एक, ज्याचा मला राग येतो. खोकला म्हटलं की बाजारातून बाटली आणतात, नाहीतर पोटावर बिब्ब्याचे चटके देतात. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने गेली, त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. तरी बाटली येतेच. चटक्यांबद्दल आजीला न दुखावता कसं बोलता, कुणी सांगेल का? ओरडून सांगितलं की पुढच्या वेळी मला बोलवतच नाहीत.

भर: इतक्या लवकर एवढे प्रतिसाद आले, सगळ्यांचे मनापासून आभार. 42 व्या दिवशी काढायला हरकत नाही असं दोन डॉक्टरांनी लिहिलंय. एका ताईंनी जे लक्षात आणून दिलं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं: रांगणाऱ्या बाळाच्या घरात सुटे मणी नकोत, तोंडात घालेल, घशात अडकेल. त्यांनी जाड सुतळीवर गाठी मारायला सांगितलंय.

काल रात्री करून पाहिलं. सहा गाठी, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. शेजारच्या आजींना डोळे मिटून दिली. अंधारातही बोटांना गाठ कळते, हे मण्यांपेक्षा बरं. दहा बोटं, एक गाठ. माझ्या नातेवाइकांच्या झोपलेल्या बाळावर मोजलं, तिसरी गाठ पूर्ण झाली आणि मिनिट संपलं. मी घड्याळावर मोजले ते 34. जुळलं.

फक्त ओढून बसलेली गाठ सुटता सुटत नाही, दात लावावे लागले. कापली तर दोरी तुटते. सहज सुटेल पण आपोआप सुटणार नाही अशी गाठ कुणाला येते का? गुरं बांधणाऱ्यांना, नाव चालवणाऱ्यांना येत असेल. फोटो टाकला तरी चालेल. सोमवारी दोन घरी बाळांचा 42 वा दिवस आहे.