प्राटा गोड लागला म्हणून अख्खं लिटल इंडिया खोटं?

सेरंगूनकर

'सिंगापूरच्या लिटल इंडियात जेवू नका, फसाल' हा कालचा धागा वाचला. तक्रारी चार: प्राटा (तिथला मैद्याचा पदरी पराठा) गोडसर आणि सोबत माशाचा रस्सा, 'फिश हेड करी' भारतात कुणी ऐकलेलीसुद्धा नाही, चहा म्हणजे बासुंदी, आणि अठरा डॉलरचा पदार्थ साडेएकवीसला पडला. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

भारतीय म्हणजे नान आणि पनीर बटर मसाला, हे कुणी ठरवलं? सिंगापूरच्या भारतीयांत बहुसंख्य तमिळ, आणि तमिळ ही तिथली एक राजभाषा. सेरंगून रोडवरचं कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल १९४७ चं. नॉर्थ ब्रिज रोडवरचं, मुर्तबाकसाठी (खिमा-अंडं भरलेल्या पराठ्यासाठी) प्रसिद्ध असलेलं झमझम तर १९०८ चं. आपल्याकडच्या हायवेवरच्या 'शुद्ध शाकाहारी पंजाबी-चायनीज'पेक्षा दोघंही म्हातारी.

फिश हेड करी भारतात ऐकलेली नसणारच, कारण ती सिंगापूरची. १९४९ च्या सुमारास गोमेझ नावाच्या केरळी हॉटेलवाल्याने ती सुरू केली असं मानतात. चिनी गिऱ्हाइकाला माशाचं डोकं प्रिय, म्हणून त्याने ते केरळी रश्शात सोडलं. मासा बहुधा तांबोशी. डोकं उभं चिरतात, कल्ले पूर्ण काढतात (राहिले तर रस्सा कडू होतो), उकळतं पाणी ओतून बुळबुळीतपणा घालवतात, आणि चिंचेच्या रश्शात भेंडी, वांगं, टोमॅटोबरोबर शिजवतात. मेथीदाणे करपले की अख्खं भांडं वाया. एक डोकं तीन-चार जणांचं. एकट्याने मागवून 'महाग पडलं' म्हणू नये. खायचं असतं गालाचं मांस, ते सोडून लोक मानेकडचे काटे चिवडत बसतात.

चहाचं म्हणाल तर नुसतं 'तेह' मागितलं की कंडेन्स्ड मिल्कचाच येणार. बिनदुधाचा, बिनसाखरेचा हवा तर 'तेह ओ कोसोंग'. एव्हापोरेटेड दूध चालेल पण साखर नको, तर 'तेह सी कोसोंग'. आल्याचा 'तेह हालिया'. गोड कमी हवा तर पुढे 'सिउ दाई' जोडा. एवढे चार शब्द पाठ करायचे, की बासुंदी म्हणून रडायचं?

बिनसाखर

तो धागा माझाच. इतिहासाच्या तासाबद्दल धन्यवाद. बिलाचं मात्र सोयीस्करपणे गाळलंत.

सेरंगूनकर

गाळलं नाही, दम घेत होतो. मेनूवर किमतीपुढे ++ असतं ना? पहिला प्लस १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरा ९ टक्के जीएसटी (१ जानेवारी २०२४ पासून, आधीच्या वर्षी ८ होता). जीएसटी सर्व्हिस चार्जसकट रकमेवर लागतो. १८ चे झाले १९.८०, त्यावर ९ टक्के, म्हणजे २१.५८. मेनूवरच्या आकड्याला १.२ ने गुणा, चुकणार नाही. वर टिप ठेवायची पद्धत नाही.

बिनसाखर

म्हणजे मी साडेएकवीस लिहिलं ते बरोबरच होतं! दुकानदाराला जीएसटीसकट किंमत लावायची सक्ती, मग हॉटेलाला सूट का? आणि न मागता टेबलावर ठेवलेल्या ओल्या टिश्यूचे पैसे?

सेरंगूनकर

सर्व्हिस चार्ज घेणाऱ्या हॉटेलांना त्या नियमातून सवलत आहे. आवडत नसेल तर लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या हॉकर स्टॉलवर (खाण्याच्या गाळ्यावर) जा: सर्व्हिस चार्ज नाही, पाटीवरची किंमत तीच अंतिम. टिश्यू फोडू नका आणि बिल मागताना परत द्या, रक्कम काढून टाकतात. पाण्याचंही तसंच. फुकट द्यायची सक्ती नाही, आधी विचारा.

बिनसाखर

ठीक. पण मैद्यात साखर घालणं हा गुन्हाच. आमच्याकडे याला केक म्हणतात.

तवेवाला

इथे बोलावंच लागेल. किलोभर मैद्याला साधारण अर्धा लिटर पाणी, १५-२० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम तूप किंवा मार्जरीन, आणि दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क. दोन चमचे! ते गोडीसाठी नाही, मऊपणासाठी आणि तव्यावर रंग यावा म्हणून. कुणी दुप्पट घातलं की बाहेर डाग पडतात आणि आतले पदर कच्चे राहतात. तुम्हाला मिळाला तो असला असणार. दोष करणाऱ्याचा, पदार्थाचा नाही.

खरी मेख मुरण्यात आहे. दहा-बारा मिनिटं मळायचं, ८० ग्रॅमचे गोळे करायचे, तेलात बुडवून चार-सहा तास ठेवायचे. ओढल्यावर गोळा रबरासारखा मागे सरकला, की समजा मुरला नाही. मग कितीही फिरवा, मधे भोकच पडणार. रात्रभर ठेवायचा तर फ्रिजमध्ये, कारण तिथल्या उकाड्यात बाहेर आंबतो. आणि थापायच्या तासभर आधी बाहेर काढा, गार गोळा फाटतो. तवा कोमट असेल तर प्राट्याचा पापड होतो.

नेंद्रपळं

तुम्ही जे सांगताय तो परोटा नव्हेच. मलबारी परोट्यात पीठ ताणून चुण्या घालतात, दोरी करून चक्रासारखी गुंडाळतात, पुन्हा मुरवतात, थापून भाजतात. आणि मुख्य काम तव्यावरून उतरल्यावर: चार-पाच एकावर एक रचून, गरम असतानाच दोन्ही बाजूंनी टाळ्या द्यायच्या. त्याशिवाय पदर सुटत नाहीत. सिंगापूरवाले हवेत फिरवतात, चार कडा दुमडतात आणि झालं. आळशीपणाला कला म्हणू नका.

तवेवाला

आळशीपणा? एका हाताच्या झटक्याने गोळ्याचं पातळ फडकं करून दाखवा, मग बोलू. दुमडल्यामुळे आत हवा राहते, म्हणून बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ लागतो. तुमचा परोटा जाड रश्शासाठी, हा पातळ रश्शात बुडवायला. तुलनाच चूक.

नेंद्रपळं

मग नाव तरी वेगळं घ्या.

तवेवाला

घेतलंय की. मलेशियात रोटी चनाई, सिंगापुरात प्राटा. भांडण तुमच्याच डोक्यात.

कांदालसूणवर्ज्य

गोळ्यांचं वजन काढून झालं असेल तर शाकाहारी माणसाकडे बघा. माशाचा रस्सा नको म्हटलं की 'डाळ घ्या' म्हणतात. तमिळ मुस्लिम स्टॉलवर ती डाळ पुष्कळदा दालचा असते, म्हणजे मटणाच्या हाडांवर शिजवलेली. साधा प्राटा मागवला तरी तवा अंड्याचाच, आणि काही जण पिठातही अंडं घालतात. संबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) बेलाचान, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांचा आंबवलेला गोळा. हे इतिहासकारांनी सांगितलं नाही.

जैनांसाठी एक तोडगा, विचित्र वाटेल: चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल. तिथे कांदा-लसूण नसतो. पण नकली मांसात अंड्याचा पांढरा भाग असू शकतो, मशरूम भरपूर आणि कंदमुळंही, तेव्हा एकेक विचारून घ्या.

सेरंगूनकर

दालचाचं राहिलं, मान्य. शाकाहारी माणसाने केळीच्या पानाच्या शाकाहारी हॉटेलातच जावं.

पिठलंभाकर

सगळं मिळतं, थालीपीठ मिळत नाही. महाराष्ट्र मंडळात एवढी माणसं, एकाला खानावळ सुचत नाही? तमिळांनी शंभर वर्षांपूर्वी केलं, आपण नुसते धागे काढतो.

तवेवाला

आचारी आणून दाखवा. १ सप्टेंबर २०२३ पासून भारतीय हॉटेलांना भारतातून आचाऱ्यासाठी वर्क परमिट मिळतं, पण पगार महिना किमान २००० डॉलर आणि संख्येवर मर्यादा. एवढं मोजल्यावर मालकाला तंदूर, डोसा आणि बिर्याणी तिन्ही सांभाळणारा हवा. थालीपिठाची भाजणी करणाऱ्याला कोण ठेवणार?

पिठलंभाकर

म्हणजे कारण तयारच आहे. छान.

नेंद्रपळं

भाजणी डब्यात टिकते. तवाही तोच. प्राटेवाल्याला दहा मिनिटांत शिकवता येईल.

तवेवाला

पहिल्यांदाच पटण्यासारखं बोललात. फक्त भाजणीच्या थालीपिठाला टाळ्या देऊ नका, तुकडे पडतील.

बिनसाखर

माझ्या धाग्याचं शीर्षक बदलतो: 'जेवू नका' ऐवजी 'दालचा विचारा, टिश्यू फोडू नका, १.२ ने गुणा'. प्राट्याबद्दलचं मत तेच. केक.