अँथुरियमला फूलच येईना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहते. दिवाळीत लाल अँथुरियम आणलं तेव्हा चार फुलं होती. (फूल कसलं, ते रंगीत पानच, खरी बारीक फुलं मधल्या दांड्यावर असतात.) त्यानंतर एकही नाही. नवी पानं येतात, पण टोकं तपकिरी, पापडासारखी कुरकुरीत. सासूबाईंनी हौसेनं मळ्यातली काळी माती भरली, तिथंच घोळ झाला असावा. पाणी घातलं की चार दिवस नुसता चिखल. कोलंबिया-इक्वेडोरच्या जंगलात झाडांवर वाढणारं हे, त्याला आपली उसाची माती कशी मानवणार! नारळाच्या शेंड्या नि कोळसा घालून आत्ताच कुंडी बदलू, की पाऊस सुरू झाल्यावर? बोअरचं पाणी क्षारांचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो. त्यानंही टोकं जळतात का? खिडकी पूर्वेची आहे.