विहिरीवरच्या शिंदीवरील घरटी

ए-402: सचिव साहेब, काल दुपारी माळी शिडी घेऊन विहिरीवरच्या शिंदीखाली उभा होता आणि झावळ्या उतरवायला आपणच सांगितले आहे, असे म्हणाला. सुगरणींची घरटी असेपर्यंत या झावळ्यांना हात लावायचा नाही, असे गेल्या पावसाळ्यात एवढा वाद होऊन ठरले, ते आपण इतक्यात कसे विसरलात?

सचिव: सर, विहिरीत काडीकचरा पडतो अशी सी विंगची लेखी तक्रार आहे. पक्षी दुसरीकडे घरटी बांधतील, असे समितीला वाटले.

बी-203: आदर राखून लिहितो. सुगरण पिढ्यानपिढ्या एकच घरटे विणते. इंजिनीअर आधी मनात घर उभे करतो, तसे तिच्या डोक्यात काही नसते. ही निव्वळ सहजप्रेरणा आहे.

ए-402: विणते ती सुगरण नव्हे, विणतो तो नर. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. नर हेल्मेटसारखे अर्धे घरटे करून थांबतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरून पाहते आणि तिला पसंत पडले तरच तो पुढची लांब नळी विणतो. आपल्या शिंदीवर अशी चार अर्धवट घरटी आजही लोंबत आहेत. एकच साचा असता, तर मादीला पारखायचे तरी काय उरले असते?

सी-104: घरटी सर्वांना गोड वाटतात, पण पाण्याला वास येतो तो आमच्या नळाला. त्याबद्दल कोणी दोन ओळी लिहील का?

डी-101: वहिनी, तुमचा त्रास खरा आहे. मी आज सकाळी गॅलरीतून अर्धा तास पाहत होते. एका नराने झावळीच्या पातीला चोचीने खाच पाडली, टोक धरले आणि तो उडाला, तशी सुतासारखी पट्टी सोलून निघाली. शेजारच्या कोवळ्या नराची गाठ मात्र तीनदा सुटली. सर, हे पक्षी शिकतात का?

ए-402: सरावाचा वाटा मोठा आहे. आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांच्या पिल्लांना विणायला काहीच मिळू दिले नाही, तेव्हा ती पुढे विणकामात कच्ची राहिली.

बी-203: पुन्हा लिहितो, सराव म्हणजे आराखडा नव्हे.

सी-305: काका, ऑक्सफर्डच्या बेटी नावाच्या कावळीने 2002 मध्ये सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्याने खाऊची बादली वर ओढली, तो आराखडा नव्हता का?

बी-203: त्याच जातीचे रानातले कावळे काड्या तशाच वाकवतात, हे 2016 मध्ये दिसून आले, त्यामुळे बेटीला तोडगा जागच्या जागी सुचला, असे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांच्या गांधीलमाशीचे उदाहरण आहेच. तिने पकडून आणून बिळाच्या तोंडाशी ठेवलेला किडा त्यांनी थोडा दूर सरकवला, की ती तो परत आणून बीळ पुन्हा पहिल्यापासून तपासायची, आणि हे त्यांनी चाळीस वेळा करून पाहिले.

ए-402: हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि सुगरण नर आपल्या विणकामावर चिंतन करतो, असे मी म्हणणार नाही. पण गांधीलमाशीचे माप सगळ्या प्राण्यांना लावू नका. 2001 च्या एका प्रयोगात, आपल्याला चित्र आठवते की नाही हे माकडांना कळत असल्याचे दिसले, कारण आठवत नसताना ती परीक्षाच टाळत होती. स्वतःच्या मनात डोकावण्याची ही पहिली पायरी आहे. माणसाच्या जिन्याला पायऱ्या जास्त आहेत एवढेच, आणि हे मी तीस वर्षे वर्गात जीव तोडून सांगत आलो आहे.

बी-203: पुन्हा लिहितो, पायरी म्हणजे आराखडा नव्हे.

सचिव: समितीच्या वतीने लिहितो. विहिरीवर या रविवारी बारीक जाळी बसवू, टाकीही धुऊन घेऊ आणि झावळ्यांना दिवाळीपर्यंत हात लावणार नाही. माळ्याला तसे कळवले आहे.

सी-104: जाळी खरोखर बसली, तर माझी तक्रार मागे घेते.

बी-203: जाळीला हरकत नाही. सहजप्रेरणेबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

डी-101: सर, त्या कोवळ्या नराची गाठ आता बसली आहे. तो दुसरी पट्टी आणायला गेला आहे.